ईस्टरला मागितलेला गाळ

ईस्टरच्या दिवशी धर्मबापानं "काय पाहिजे गं तुला?" असं विचारलं की पोरीनं काय मागायचं, ते बॅप्टिस्टच्या खानदानात ठरलेलं होतं. कानातले, घड्याळ, ड्रेसचं कापड. फार तर चांदीची चेन. देवळातली मिस्सा सुटल्यावर चार लोकांसमोर मागायचं, आणि धर्मबापानं चार लोकांसमोर "दिलं" म्हणायचं. एकदा दिलं म्हटलं की परत घ्यायचं नाही. घेतलं तर मरताना तोंडात पाणी जात नाही, असं म्हाताऱ्या सांगायच्या.

बॅप्टिस्टच्या पोरीनं, इनेझनं, गाळ मागितला.

"कसला गाळ?" तिच्या धर्मबापानं, फ्रेडरिकनं, हातातला केक तसाच धरून विचारलं.

"तुमच्या गोखिवऱ्याच्या कारखान्यामागं पडलाय तो. ग्रॅनाइट कापताना पाण्यातून वाहून येतो तो. सगळा."

अंगणातले सगळे हसले. फ्रेडरिक तर पोट धरून हसला. हा माणूस बॅप्टिस्टबरोबर एकाच आळीत चड्डीवर वाढलेला. पुढं त्यानं गोखिवऱ्याला दगड कापायचा कारखाना टाकला, आणि नालासोपाऱ्यात एकेक बिल्डिंग उभी राहायला लागली तसा तोही फुगत गेला. प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकाचा ओटा लागतो, आणि ओटा फ्रेडरिककडूनच. कापलेल्या दगडाचा राखाडी चिखल भिंतीमागं डोंगरासारखा साठला होता. नाल्यात उतरायचा, शेजाऱ्याच्या भातात घुसायचा, मग शेजारी कोयता घेऊन गेटवर यायचा.

"अगं तो नेणाऱ्याला मी वर पेढे देईन."

"पेढे नकोत. सगळा दिला म्हणा."

"दिला बाई! आजचा दिला, उद्याचा दिला, मी मरेपर्यंतचा दिला. झालं?" फ्रेडरिक लोकांकडं वळून म्हणाला, "ऐकलंत ना? नाहीतर ही पोरगी माझ्यावर केस करील."

हिल्डानं, म्हणजे आईनं, पदराआडून इनेझच्या दंडाला असा चिमटा काढला की तो चार दिवस निळा राहिला. "कानातले मागाला काय जीभ झडली होती? चिखल मागतंय कार्टं."

इनेझ सतरा वर्षांची. नववीत बाईंनी तिची वही खिडकीतून फेकली, तिनं बाईंची पर्स फेकली, आणि तिथून जी घरी आली ती भट्टीपाशीच राहिली. भट्टी वाडीत, केळींच्या पलीकडं. बॅप्टिस्ट कपबशांच्या कारखान्यात कामाला होता. तो कारखाना मोडला तेव्हा लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. यानं मोडक्या भट्टीच्या विटा आणल्या. आगीत न फुटणाऱ्या पांढऱ्या विटा. त्या रचून वाडीत स्वतःची भट्टी उभी केली आणि लोणच्याच्या बरण्या भाजायला लागला. कैरीच्या दिवसांत बरण्या खपायच्या, त्यावर घर चालायचं.

पण नुसती माती भाजून बरणी होत नाही. वर काचेसारखी झिलई पाहिजे, नाहीतर लोणच्याचं मीठ आरपार पाझरतं आणि बाहेरून बरणी मिठानं केसाळ होते. झिलईला पांढऱ्या दगडाची पूड लागायची, ती वसईचा एक व्यापारी द्यायचा. त्या वर्षी त्यानं सरळ सांगितलं, "पोत्यानं देत नाही आता. टाइल्सवाले ट्रक उचलतात. तुमच्या पोत्यासाठी मी गोडाऊन उघडू?"

बॅप्टिस्ट घरी आला, बनियन काढलं, आणि खोकत खोकत म्हणाला, "ह्या उन्हाळ्यात बरन्या नाय झाल्या तर भट्टी मोडायची. फुलपाड्याला एका बिल्डिंगला वॉचमन पायजे. जातो."

"वॉचमन? तुम्ही?" इनेझ म्हणाली. "रात्री खोकून खोकून चोरांना आपणच सांगाल, मी इथंय म्हणून."

बॅप्टिस्ट हसला नाही.

इनेझला मात्र एक गोष्ट माहीत होती. नाताळच्या आधी ती फ्रेडरिकच्या कारखान्यात गेली होती, तेव्हा चपलेला तो गाळ लागून आला. वाळला तर सिमेंटसारखा झाला. तिनं तो खरवडून खापरीवर लावला आणि भट्टीत एका कोपऱ्यात टाकून दिला. तिची ती खोडच होती. खाडीची माती टाक, मीठ टाक, विटेचा चुरा टाक. खापरी बाहेर आली तेव्हा गाळ वितळलेला होता. घाणेरडा दिसत होता, पण काच होती.

म्हणून गाळ मागितला.

*

गाळ टेम्पोनं आला. टेम्पो फ्रेडरिकचा पोरगा रोनाल्ड चालवायचा. गॉगल, गळ्यात जाड क्रॉस, आणि हातात काम सोडून सगळं.

"ए इनेझ, कुठं ओतू तुझं सोनं?"

"तुझ्या डोक्यावर ओत. जागा रिकामीच आहे."

त्यानं टेम्पोचा मागचा फळा पाडला, आणि राखाडी गाळ भदाभदा केळीच्या मुळाशी पडला. बॅप्टिस्टनं वाकून चिमूटभर घेतला, बोटांमधे चोळला, जिभेवर ठेवला, थुंकला.

"बारीक हाय. ह्याला पिंप नाय फिरवायला लागायचं."

पिंप म्हणजे लोखंडी ड्रम. आत गोटे टाकायचे, दगडाची भरड टाकायची आणि हँडल मारत बसायचं. खांदे निखळेपर्यंत. पांढरी पूड जाडी आली की तसंच करायला लागायचं. गाळ मात्र मशीननंच इतका बारीक केलेला, की इनेझला वाटलं अर्धं काम झालंच.

कसलं होतंय! घमेल्याएवढी एक छोटी भट्टी होती, नमुने भाजायला. त्यात पहिल्या खापऱ्या भाजल्या तर सगळ्यांवर लाल-तपकिरी फोड. गोवर आल्यासारखे.

"लोखंड," बॅप्टिस्ट म्हणाला. "मोठ्या मशीनमदी पोलादाचे छर्रे टाकतात, दगड कापाला. ते झिजून ह्यात येतात. सोड ते."

"सोडा काय? छर्रे काढायचे."

"कशानं काढते? चिमट्यानं?"

देवळातला एक भोंगा गेल्या पावसात जळून पडला होता. इनेझनं तो सांडपाण्याच्या पायपाशेजारून उचलला, फोडला, आतलं जाडजूड लोहचुंबक काढलं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात कालवलेल्या गाळात फिरवायला लागली. बाहेर काढलं तर चुंबकाला काळी दाढी. पिशवी उलटी केली की दाढी गळून पडायची. परत बुडवायचं. उकिडवं बसून बसून पायाला मुंग्या, कोपरापर्यंत हात राखाडी, आणि दगड कापायच्या पाण्यात चुना घालतात, त्यानं बोटांच्या बेचक्या फाटल्या. हिल्डा खोबरेल लावून द्यायची आणि वर बोलायची, "हे हात बघून कोन पोरगा येतो लग्नाला!"

"चुंबक लावून बघू. लोखंडी आला तर चिकटेल," इनेझ म्हणायची.

फोड गेले, पण झिलई मंद. ओल्या पाटीसारखी. ग्रॅनाइटला एकट्याला वितळायचा कंटाळा. मग इनेझनं क्रशरवरची काळी डस्ट आणली. हायवेच्या अंगाला काळा दगड फोडतात, तिथं ती रस्त्यावरच पडलेली असते, गाड्यांच्या मागं उडत. ही मात्र जाडी. हिला पिंप फिरवायला लागलं. एका बाजूला इनेझ, एका बाजूला बॅप्टिस्ट. थोडं फिरवलं की तो बसायचा, छातीवर हात ठेवायचा, आतून पोत्यावर घासल्यासारखा आवाज. मग हिल्डा चूल सोडून यायची आणि नवऱ्याच्या जागी हँडल धरायची. फिरवताना ती बॅप्टिस्टकडं बघत राहायची.

तरी काहीतरी कमी होतं. राख. केळीच्या खुंटाची राख घातली तर झिलईला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली. नारळाच्या झावळीची घातली तर ओघळून तळाला चिकटली. शेवटी सुरूच्या लाकडाची राख, तीही हिल्डानं पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुतलेली, खार निघेपर्यंत. त्या खापरीवर काळा रंग आला. पण काळा कसा? काठाला जिथं थर पातळ, तिथं गुळाच्या पाकासारखा, आणि पोटाला गर्द. विहिरीत वाकून बघावं तसा.

बॅप्टिस्टनं खापरी उन्हात धरली. फिरवली. "आपल्या कारखान्यात बी असा नव्हता आला कदी," म्हणाला.

इनेझनं दोन लहान बरण्या केल्या, एकीत लिंबाचा रस आणि मीठ भरून ठेवलं. कैऱ्या मोठ्या होईपर्यंत ते तसंच होतं. ओतून पुसली तर आत डाग नाही, ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बरणीत हिल्डानं स्वतःचं लोणचं घातलं. इनेझला तेवढं पुरलं.

रोनाल्ड दर खेपेला विचारायचा. टेम्पोच्या बॉनेटवर बसून, पाय हलवत. "सांग ना यार. आमचा माल, आम्हालाच नाही माहीत काय बनतंय. काय घालतेस ह्यात?"

"थुंकते."

"सिरीयसली. राख कसली?"

"केळीच्या खुंटाची," इनेझ शांतपणे म्हणाली. ज्या राखेनं भोकं पडतात, ती. खरं काय ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

*

फ्रेडरिक स्वतः आला तो एका रविवारी. पांढरा बुशशर्ट, बोटात अंगठ्या. त्यानं दुसरी, रिकामी बरणी उचलली, नखानं टिचकी मारली. बरणी घंटेसारखी वाजली.

"हे माझ्या चिखलाचं?"

"माझ्या चिखलाचं," इनेझ म्हणाली.

"हो गं बाई, तुझ्या! जीभ काय आहे पोरीची, बाप्टू! करवत आहे करवत." फ्रेडरिक हसला. "ही नेतो मी. घरात शोकेसला ठेवतो."

मग तो आणि बॅप्टिस्ट विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. बराच वेळ. इनेझ लांबून बघत होती. फ्रेडरिक बोलत होता, बॅप्टिस्ट मान हलवत होता, मधेच खोकायला वाकत होता. फ्रेडरिकनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. जाताना गाडीतून औषधाची बाटली काढून दिली. हिल्डा गाडीपर्यंत सोडायला गेली, आणि परत आली तेव्हा डोळे पुसत होती.

"काय झालं गं आई?"

"काय नाय. धूर गेला."

चूल विझलेली होती. इनेझनं ते बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं, कारण डोक्यात मोठी भट्टी होती.

बॅप्टिस्टच म्हणाला होता, "आता मोठी लावू. पूर्न भरू. कळूंदे तरी मोठ्या आगीत कसं येतं."

मग घरात दुसरं काही राहिलंच नाही. बॅप्टिस्ट चाकावर बरण्या ओढायचा, एक झाली की डोळे मिटून दम घ्यायचा. इनेझ पिंप फिरवायची, चुंबक फिरवायची, फडक्यातून गाळायची. पावडरच्या डब्यानं मोजून तीन ढिगांचं कालवण करायची: गाळ, डस्ट, राख. मलईएवढं जाड झालं पाहिजे. बोट बुडवून काढलं तर नखाची कड दिसावी पण नख दिसू नये. बरणी उलटी धरायची, बुडवायची, श्वास धरायचा, काढायची. तळ ओल्या स्पंजनं पुसायचा, नाहीतर भट्टीच्या फळीला चिकटून बसते. कंबर मोडली. गळ्याच्या घळीत घामाचा आणि दगडाचा चिखल साचायचा, वाळला की चिमटायचा.

भट्टीत बरण्या रचायला इनेझ आत शिरायची. बॅप्टिस्टला वाकवत नव्हतं. तो बाहेरून एकेक हातात द्यायचा. "जपून. भिडवू नको. बोटभर जागा सोड." तिनं दाराला विटा लावल्या, माती लिंपली, आणि पहाटे हिल्डानं पेटवलेल्या काडीवर क्रूस काढला.

सुरूची लाकडं ओढून ओढून हिल्डाच्या हातांवर ओरखडे उठले. उकाडा असा की केळीची पानं लोंबली. इनेझ भट्टीच्या दारातल्या भोकाला डोळा लावायची: आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं, मग पिवळ्यातलं लाल पार जाऊन नुसता उजेड. सळईनं आतली कडी ओढून काढायची. मातीची छोटी कडी, तिच्यावर हीच झिलई. पाण्यात टाकली की चर्र. खरखरीत. अजून नाही. परत लाकडं. भुवया जळाल्याचा वास तिचा तिलाच आला. शेवटी एक कडी निघाली ती गुळगुळीत, काळी, काठाला गूळ. "बंद करा!" ती ओरडली, आणि तिघांनी मिळून तोंडं बुजवली. हिल्डानं तिच्या डोक्यावर पाण्याचा तांब्या रिता केला. तिघं हसली. बॅप्टिस्टसुद्धा.

भट्टी निवल्यावर दार काढलं. आत ओळीनं काळ्या बरण्या, एकीलाही फोड नाही. इनेझनं उडी मारली, दाराच्या विटेला डोकं आपटलं तरी कळलं नाही. बॅप्टिस्टनं एक बरणी हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली.

"चांगल्या आल्या," म्हणाला. मयताचा चेहरा शांत आहे म्हणतात, तशा आवाजात.

*

त्यानंतर टेम्पो आला नाही. इनेझनं वाट बघितली, शिव्या दिल्या, मग शेअर रिक्षा पकडून गोखिवऱ्याला गेली.

गेटवर वॉचमननं आडवा दांडा धरला. "किदर?"

"माझा चिखल बघायला."

"क्या?"

ती दांड्याखालून आत. कारखान्यामागं जिथं डोंगर होता, तिथं आता निळी ताडपत्री, आणि बाजूला नवा पत्र्याचा शेड. आत भिंतीला लाकडी घोडे, घोड्यांवर टाइल्स. काळ्या. काठाला गुळाच्या पाकासारख्या.

ती शेडमधे शिरली.

दोन बायका हौदाशी बसून दोरीला बांधलेली चुंबकं गाळात फिरवत होत्या. भोंग्यातली नव्हती, नवी, बाजारातली. इनेझला वाटलं, हे रोनाल्डनं बघितलं असेल. टेम्पोवर बसून बघितलंच असणार. हरामखोर. मग कोपऱ्यातली पोती दिसली. तिनं एकाचं तोंड सोडलं, हात घातला. राख. राखेत अर्धवट जळलेलं एक बोंड. बोराएवढं, खवल्याखवल्यांचं.

सुरूचं बोंड.

रोनाल्डला तर तिनं केळीची सांगितली होती.

ती ते बोंड मुठीत धरून तशीच उभी राहिली. घरातल्या तिघांत तिनं स्वतःला मोजलं, आईला मोजलं, आणि पुढं मोजायला मन होईना.

"ए, हात नको लावू!" रोनाल्ड आला. तिला बघून थांबला, गॉगल काढला. "तू कशाला आलीस इथं?"

"कुणी सांगितलं तुला राखेचं?"

"मला कुणी काय..." तो इकडंतिकडं बघायला लागला. "यार, तू डॅडींशी बोल."

फ्रेडरिक ऑफिसातून बाहेर आला. हसतच आला. त्याच्या मागं काचेच्या कपाटात तिची बरणी होती. शोकेस म्हणजे ही शोकेस.

"ये, ये. आशीर्वाद मागायचा नाही का धर्मबापाला?"

"तुम्ही गाळ दिला होता मला. चार लोकांसमोर. मरेपर्यंतचा."

"अगं, सणाची मस्करी ती. चिखल कुणी कुणाला बक्षीस देतं? टाइल्सवाले पार्टनर झालेत माझे. आता तो चिखल नाही, माल आहे."

"आणि झिलई? तीपण तुमची? चोरली तुम्ही."

बायकांचे हात हौदात थांबले. फ्रेडरिकचं हसू गेलं.

"तोंड सांभाळ. गास गावचा माणूस आहे मी, चोर नाही. मला आणून दिलंय. हातानं. डबा भरून कालवण, आणि राख कशी धुवायची तेपण बसून सांगितलंय. घरी जा आणि बापाला विचार. जा. रोनाल्ड, हिला रिक्षात बसव."

"हात लावलास तर दात पाडीन," इनेझ रोनाल्डला म्हणाली, आणि चालत निघाली.

*

बॅप्टिस्ट घराबाहेरच्या ओट्यावर खाटेवर बसला होता. पायाशी नव्या बुटांचा खोका. काळे बूट, कारखान्याचे. ती आली तसा त्यानं तो खोका पायानं खाटेखाली सरकवला. ते बघून इनेझला विचारायची गरज उरली नाही. तरी विचारलं.

"तुम्ही दिलं?"

त्यानं खोका पायानं अजून आत ढकलला.

"पपा, तुम्ही दिलं?"

"भट्टीचा इंचार्ज करतात मला. गॅसची भट्टी. बटन दाबायचं. खुर्ची हाय, पंखा हाय. डाक्टर कारखान्याचा." तो जमिनीकडं बघून बोलत होता. "त्या पिंपानं माजं काळीज फाटलं गो."

"मग मला सांगायचं! मी फिरवलं असतं. मी फिरवतच होते ना!"

"मी सांगितलं त्यान्ला, दे म्हून," हिल्डा दारातून म्हणाली. तिच्या हातात तांदळाचं सूप होतं, ती पाखडायची थांबली नाही. "रुमालाला रगत येतं त्यांच्या. तुला नाय दाखवलं. तुजी झिलई चाटून जगनार होता काय तुजा बाप?"

"कधी ठरलं?"

सूप वाजत राहिलं.

"त्या रविवारी? विहिरीवर?" इनेझचा आवाज चिरकला. "म्हणजे मोठी भट्टी लावली तेव्हा ठरलेलं होतं? सगळं ठरलेलं होतं आणि मला पिंप फिरवायला लावलंत?"

बॅप्टिस्टनं पहिल्यांदा वर बघितलं. "त्यान्ला बघाचं होतं, मोठ्या आगीत कसं येतं. एकदा तरी. त्याबिगर पार्टनर तयार नव्हता."

म्हणजे ती बरण्या भाजत नव्हती. पाठ मोडून, भुवया जाळून ती फ्रेडरिकचा नमुना भाजत होती. आणि तिघं हसली होती तेव्हा, डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा, त्यातल्या दोघांना हे माहीत होतं. तांब्या जिच्या हातात होता तिलासुद्धा.

"भट्टी मोडायला लागंल," बॅप्टिस्ट हळूच म्हणाला. "ह्या रंगाची दुसरी भट्टी नको, फ्रेडरिक म्हनतो. विटांना टेम्पो येईल उद्या."

इनेझनं ओट्यावरची काळी बरणी उचलली. हिल्डाचं लोणचं होतं तिच्यात. फोडायला हात वर केला, आणि तसाच राहिला. फोडवेना तिच्याच्यानं. बरणी खाली ठेवली आणि वाडीत गेली.

*

सकाळी टेम्पो आला तेव्हा इनेझ भट्टीच्या आत बसली होती. रोनाल्ड टेम्पोतून उतरलाच नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून दुसरीकडं बघत बसला.

"इनेझ, बाहेर ये," बॅप्टिस्ट दाराशी वाकून म्हणाला. नवे बूट घातले होते, ते चावत असावेत, पाय सारखे उचलत होता.

"मोडा ना. मी आतच आहे. माझ्यासकट मोडा."

"असं काय करते पोरी..."

"चिखल विकला, राख विकली. मीच राहिले. टेम्पोत घाला मलापण."

बॅप्टिस्ट खोकायला लागला. खोकत खोकत खालीच बसला. इनेझनं गुडघ्यांत मान घातली. आत गार होतं, भिंतींना जुन्या आगीचा पातळ काचेचा लेप होता, पाठीला गुळगुळीत लागत होता. तिनं ठरवलं होतं, की फ्रेडरिक आला, फादर आले, सगळा गाव आला तरी उठायचं नाही. बापाची आपल्यासमोर पहार उचलायची हिंमत होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि ते खरंच होतं. तो नुसता खोकत होता.

वर धप्प आवाज झाला. डोक्यावर माती पडली.

परत धप्प. कमानीतली एक वीट हलली, करकरली, आणि कुणीतरी ती वर ओढून घेतली. भोकातून ऊन थेट तिच्या मांडीवर आलं. भोकात हिल्डाचा चेहरा होता. साडी खोचलेली, हातात हातोडा. हिल्डा रडत नव्हती, रागावलेलीपण नव्हती. भात कापायला वाकते तशी वाकली होती.

"बाजूला सर," ती म्हणाली. "दुसरी काढते."

इनेझ वर बघत राहिली. मग हिल्डानं हातोडा उचलला, आणि इनेझला दिसलं की ही आता नेमकी मधली वीट ठोकणार. ती गेली की सगळी कमान खाली येणार, आणि वर उभी असलेली आईपण.

"थांब! अगं थांब, तिथं नको!" ती ओरडतच दारातून बाहेर आली. "कमानीला शेवटी हात लावतात. आधी दार, मग चिमणी, मग बाजूच्या भिंती. उतर खाली. उतर आधी!"

हिल्डा उतरली. इनेझनं तिच्या हातातून हातोडा घेतला, छिन्नी घेतली, दाराच्या चौकटीची वरची वीट कडेनं ठोकली. वीट अलगद सुटली. कोपरासुद्धा न तुटता.

बॅप्टिस्ट उठला. रोनाल्डच्या टेम्पोपर्यंत विटा हातोहात न्यायच्या होत्या. त्यानं नेहमीसारखे दोन्ही हात पुढं केले. भट्टी भरताना तो बाहेरून द्यायचा आणि ती आतून घ्यायची, आता उलटं.

इनेझनं वीट त्याच्या हातात दिली नाही. त्याच्या बुटांपाशी जमिनीवर ठेवली आणि दुसरी काढायला वळली.

तो थोडा वेळ तसाच हात पुढं करून उभा राहिला. मग एक हात छातीवर ठेवून वाकला आणि वीट उचलली. तिनं दुसरी ठेवली. तो परत वाकला.